काचेवरची ठमी

“मेलेली लागेल,” सर म्हणाले. “जिवंत नको.”

आजीला आधी वाटलं, थट्टा आहे. प्रयोगशाळेत तिला सगळे आजीच म्हणायचे. वय एकतीस, पण सरांच्या हाताखाली पीएचडीचं सातवं वर्ष, म्हणून आजी. हे नाव सरांनीच पाडलं होतं, आणि त्यावर सगळ्यांत आधी हसायचेही तेच.

“मागच्या खेपेला अनुदान समितीतल्या एका शहाण्याने विचारलं, पाल जीव मुठीत धरून काचेला चिकटली असेल, त्यात रसायनशास्त्र कुठे आलं? आज ते परत येतायत, मेलेलीच लटकवू. तोंडं बंद होतील.”

“सर, पेटीत दोनच पाली आहेत. आणि माझा फॉर्म...”

प्रबंध सादर करायचा फॉर्म तिच्या एप्रनच्या खिशात होता. सगळं भरून झालेलं, फक्त सरांची सही बाकी. आज शेवटची तारीख. पाच वाजता ऑफिस बंद होणार. फॉर्मची पावती मिळाली तर दूरच्या एका कॉलेजातली जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. सरांना हे तोंडपाठ होतं. गेले पंधरा दिवस ती दुसरं काही बोललीच नव्हती.

“आधी प्रयोग, मग सही. ठमीला घे. काही होत नाही.”

ठमी चार वर्षं तिच्या बोटांतून किडे खात आली होती. आजीने तिला बरणीत सोडलं, ईथरचा बोळा टाकला, झाकण लावलं. हा माणूस सही करणार नाही, अशी शंकेची पाल मनात चुकचुकत होती. पण खरी पाल समोर धापा टाकत होती. पडली की मेली, असं धरून आजी वाट बघत बसली. दहा मिनिटं झाली. ठमी बरणीच्या आतून काचेला चिकटलेली ती चिकटलेलीच. सात वर्षं हाच विषय घोकलेल्या बाईला विसाव्या मिनिटाला आठवलं, की मेली तरी ती पडणारच नाही. मरून तिला बराच वेळ झाला होता.

साडेचारला समिती आली. दोन पुरुष, एक बाई, तिघांच्या हातात चहाचे कप. आजीने उभ्या काचेवर ठमीचे चारही पंजे टेकवले, कमरेला दोरा बांधला आणि दोऱ्याला पन्नास ग्रॅमचं पितळी वजन अडकवलं. ठमी जागची हलली नाही.

“गोंद नाही, काही नाही,” सर म्हणाले. “पंजाखाली बारीक केस आहेत, लाखो. केसांच्या टोकाचे रेणू काचेच्या रेणूंच्या इतके जवळ जातात, की एकमेकांना ओढतात. एकेकाची ओढ म्हणजे काहीच नाही. पण सगळ्यांची मिळून हे बघा! आणि जीव तर केव्हाच गेलाय.”

“मग जिवंत पाल सुटते कशी?” बाईंनी विचारलं. “पळते ना ती भिंतीवर?”

“आजी, सांग.”

“बोटं टोकाकडून मागे वळवते,” आजी म्हणाली. “एकेक. मग केस सुटतात. मेलेलीला बोटं वळवता येत नाहीत.”

“म्हणजे मेल्यावर सुटकाच नाही!” एकजण म्हणाला, आणि तिघंही हसले.

पाचला दहा मिनिटं कमी होती. आजीने फॉर्म पुढे केला. सरांनी तो पहिल्यांदाच बघितल्यासारखा सावकाश वाचला.

“ही निघाली नोकरीला,” ते समितीला म्हणाले. “हिचे हात बघितलेत? ही गेली तर पाली कोण लटकवणार, मी?”

“छे, अशी माणसं सोडू नका,” बाई म्हणाल्या. कौतुकानेच म्हणाल्या.

“सोडतोय कशाला!” सरांनी फॉर्मची घडी घातली, ती आजीच्या खिशात परत सरकवली आणि वरून थोपटली. “पुढच्या वर्षी बघू. नोकऱ्या काय, निघतच असतात.”

आजीला त्यांचा गळा धरावासा वाटला. अगदी स्पष्ट, दोन्ही हातांनी. तिने वजन सोडवून डब्यात ठेवलं.

पाहुण्यांना पोचवायला सर निघाले. दारातून त्यांनी मान वळवली. “उद्या अकराला मोठे साहेब येतायत. ताजी लागेल हं.”

“हो सर,” ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

पाच वाजून गेले. झाडणाऱ्या मावशी ओलं फडकं घेऊन काचेपाशी आल्या आणि थबकल्या. “अगं बाई! ही काढायची कशी? ओढू?”

“ओढू नका मावशी. पंजे फाटतील.”

तिने स्वतः काढली. एकेक बोट टोकाकडून मागे वळवत, चारही पंजे. शेवटचं बोट सुटलं तशी ठमी तळहातावर आली. वजन असं नव्हतंच तिला. आजीने तिला टिपकागदात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग बरणी धुतली, पुसली, नवा बोळा केला.

पेटीचं झाकण उघडताच दुसरी पाल बोटं वळवत सरसर वरच्या कोपऱ्यात पळाली. आजीने हात आत घातला.

“ये,” ती म्हणाली. “काही होत नाही.”