पावलाचं माप

मागच्या माणसाची बॅग तिसऱ्यांदा टाचेला लागली, तेव्हा एडलिनची खात्रीच पटली की हा साध्या वेशातला पोलीस आहे. तिनं वळून पाहिलं नाही. चारिंग मावशीनं बजावलंच होतं, मनिलाच्या विमानतळावर रांगेत मागं वळून बघायचं नाही, चोराच्या मनातलं चांदणं बघणाऱ्याला लगेच दिसतं.

शेजारच्या चारिंग मावशीनं आजवर अकरा बायका ‘फिरायला’ पाठवल्या होत्या. तिच्या सूचना एडलिनला तोंडपाठ होत्या. नवे बूट घालू नकोस. हातात जपमाळ धरू नकोस. विचारलं तेवढंच सांग, उगाच कागदांची चळत पुढं करू नकोस. पाच दिवस, हाँगकाँग, मोठा बुद्ध बघायला. बस्स. खरं म्हणजे तिकडं बुद्ध नव्हे, अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी तिची वाट बघत होती, दोन वर्षांच्या बिनपरवाना कामावर. इथं पकडली गेली की ते काम दुसरीला जाणार आणि एडलिन पुन्हा बाजारात सुकी मासळी घेऊन बसणार. घरात हे फक्त तिच्या आईला माहीत होतं. सात वर्षांच्या लेकीला, निंगनिंगला, पाचच दिवस सांगितले होते.

“पोरांना खरं सांगायचं नाही,” मावशी म्हणाली होती. “गळ्यात पडून रडतात नि सगळा घात करतात.”

पुढच्या तरुणाचा नंबर लागला. काचेआडच्या अधिकारी बाईनं त्याचा पासपोर्ट उघडला.

“कशाला चाललात?”

“फिरायला, मॅडम. पाच दिवस. मोठा बुद्ध बघायला.”

“सकाळपासून हा सहावा बुद्ध,” बाई म्हणाली आणि तिनं त्याला बाजूच्या खोलीकडं पाठवलं.

सगळ्यांना एकच बुद्ध पढवला होता तर, म्हणजे अशा किती मावश्या असतील या देशात? मग एडलिनला मावशीचाच संशय यायला लागला. अकरा बायका पाठवल्या म्हणून मिरवते, त्यातल्या या काचेवरूनच किती परत आल्या ते मेली कधी बोलली नाही. मागची बॅग पुन्हा टाचेला लागली.

“पुढं या, ताई,” बाई म्हणाली आणि हसली. ते हसणं एडलिनला मुळीच आवडलं नाही.

“एकट्याच?”

“हो, मॅडम.”

“कशाला?”

बुद्ध अगदी जिभेवर आला होता, तो तिनं गिळला. “खरेदीला. घरच्यांनी यादी दिलीय.”

हा मावशीचा हुकमाचा पत्ता होता. परत येणारीच घरच्यांसाठी काय काय आणायचं त्याची यादी नेते, न येणारीला यादी कशाला लागते, असं तिचं म्हणणं. एडलिननं पर्समधून यादी काढून काचेखालून सरकवली. बाई वाचायला लागली.

“आईला गुडघ्याचं मलम. दिराला टोपी. शेजाऱ्यांना चावीच्या साखळ्या, दहा.” तिनं मान हलवली. “माझ्या नणंदेनंही साखळ्याच मागितल्या होत्या, वर म्हणते पातळ आहेत. चारिंग मावशीला हँडबॅग, खरं चामडं. ही कोण?”

“शेजारीण, मॅडम.”

“शेजारणीला हँडबॅग? फारच गुणाची दिसते.”

एडलिनला हसू आलं, खरंखुरं. बाईनं शिक्का उचलला. एडलिनच्या डोळ्यांपुढं विमानाचं दारसुद्धा उभं राहिलं. तेवढ्यात बाईनं यादी उलटी केली. मागं एक घडी घातलेला कागद टाचला होता.

“हे काय?”

“लेकीच्या पायाचं माप. तिला बूट आणायचेत.”

एवढं मात्र सोळा आणे खरं होतं. पहाटे निंगनिंगनंच तो कागद टाचून दिला होता. ‘आत्ता नाही बघायचा, दुकानात उघडायचा,’ असंही म्हणाली होती. पोरीचे हट्ट, म्हणून एडलिननं उघडला नव्हता.

बाईनं घडी उलगडली. शिक्का धरलेला तिचा हात तसाच राहिला.

“किती दिवस म्हणालात?”

“पाच,” एडलिन म्हणाली. दिवस आपण आधी सांगितलेच नव्हते हे तिच्या मागाहून ध्यानात आलं.

बाईनं शिक्का बाजूला ठेवला आणि कागद काचेखालून परत सरकवला. “बघा तरी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि एडलिनला त्याचीच जास्त भीती वाटली.

कागदावर पेन्सिलीनं गिरवलेलं एक लहान पाऊल होतं. त्याच्याभोवती दुसरं, जरा मोठं, अंदाजानं काढलेलं. त्याच्याभोवती तिसरं. आतल्यावर निंगनिंगच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आत्ताचा पाय’. मधल्यावर, ‘नाताळचा’.

“पाच दिवसांनी यातल्या कुठल्या पायाचे बूट आणणार, ताई?”

एडलिन तिसरं पाऊल बघत होती. ते इतकं मोठं काढलं होतं की अंगठा कागदात मावलाच नव्हता. टाचेपाशी लिहिलं होतं, ‘आई, तू येशील तेव्हाचा’.