आठ दिवसांची कवायत

"आबा, तुमचा मास्क नाकावर घ्या," मशीनवाल्या बाई म्हणाल्या. आबांनी हनुवटीखाली लोंबणारा मास्क नाकावर घेतला आणि तिथेच सगळं बिनसलं.

तोवर त्यांची नात ठमी कशी शहाण्यासारखी पलंगावर बसली होती. वय सव्वादोन वर्षं, पण तोंडावरचा सशाच्या चित्राचा मास्क अगदी चोख. हॉस्पिटलातल्या त्या तपासणीच्या खोलीच्या दारावर पाटीच होती, दोन वर्षांवरच्या सर्वांना मास्क सक्तीचा. आबांनी त्यासाठी आठ दिवस तालीम घेतली होती. शाळेतून कवायतीचे मास्तर म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांच्या अंगातली कवायत काही गेली नव्हती. रोज सकाळी बाहुलीला मास्क, अस्वलाला मास्क, पाण्याच्या बाटलीला मास्क, मग ठमीला मास्क. शिट्टी वाजली की सगळ्यांनी सावधान आणि शंभर म्हणेपर्यंत कुणी मास्क काढायचा नाही. चौथ्या दिवसापासून तर ठमीच अस्वलाला दटावू लागली होती.

एकच गोष्ट राहून गेली. शिट्टी वाजवायची म्हणून मास्तरांनी स्वतः एकदाही मास्क लावला नव्हता.

आता त्यांची मिशी दिसेनाशी झाली. चांगली भरघोस, पांढरी मिशी. ती मुठीत धरल्याशिवाय ठमीला झोप येत नसे. मिशी गेली म्हणजे तिच्या लेखी आबाच गेले.

"आबा कुठेय?"

"अगं, हा काय मी!"

"नाही! आबा नाही!" ठमीने आपला ससा ओरबाडून फेकला आणि भोकाड पसरलं.

बाईंनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. "अशी रडत राहिली तर हृदयाचं चित्र नीट येत नाही. झोपेचं औषध देऊ या. उपाशी आहे ना सकाळपासून?"

उपाशी होती. गरज पडली तर असावी, म्हणून तिला काही दिलं नव्हतं. पण ती गरज पडू नये याचसाठी तर आठ दिवस तालीम चालली होती. जन्मतः हृदयात बारीकसं भोक होतं, ते आपोआप बुजलं होतं. काळजीचं कारण उरलं नव्हतं, वर्षातून एकदा नुसतं बघून घ्यायचं. गेल्या वर्षी मात्र त्या औषधाने पोरीला ओकाऱ्या झाल्या होत्या आणि संध्याकाळभर तिची मान खांद्यावर ठरत नव्हती. ते आबांनी पाहिलं होतं. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. दाराशी तिने आबांचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "बाबा, या वेळी औषध नको हं."

"बाई, दोन मिनिटं मास्क खाली घेऊ का? मला पाहिलं की गप्प होईल."

"नाही. ऑपरेशन झालेली लहान लेकरं येतात या खोलीत. नियम सगळ्यांना सारखा."

जन्मभर आबांनी पोरांना हेच सुनावलं होतं. त्यांनी डोकं खाजवलं.

"कबूल. मास्क काढत नाही," ते म्हणाले. "पण आत हात घातला तर चालेल?"

"कोणाचा हात?"

"हिचा."

बाईंनी ठमीकडे बघितलं, औषधाच्या बाटलीकडे बघितलं. शेवटी त्यांनी ओला रुमाल घेऊन ठमीचा उजवा हात बोटाबोटाच्या बेचक्यांपासून मनगटापर्यंत पुसून काढला. "आता घाला," त्या म्हणाल्या.

आबांनी तो एवढासा हात मास्कखालून आत घेतला. बोटं हनुवटीवर चाचपडली, वर सरकली, थांबली. आणि मूठ घट्ट मिटली.

"आबा," ठमी म्हणाली. रडणं तिथेच थांबलं. नवा मास्क नाकावर कधी चढला, कुशीवर कधी वळवलं, छातीवर गार जेल कधी लागलं, तिला पत्ताही नव्हता. आबा सापडले होते.

आबांना मात्र आता हलायची सोय उरली नाही. पलंगावर वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते उभे राहिले. साधारण याच अवस्थेत त्यांनी वर्गाबाहेर किती पोरांना ओणवं उभं केलं असेल, याची गणती नव्हती. पाचव्या मिनिटाला कंबर बोलू लागली. दहाव्या मिनिटाला त्या पोरांपैकी काहींचे चेहरेही आठवले. एवढी शिक्षा जरा जास्तच होत होती, असं त्यांना प्रथमच वाटलं.

विसाव्या मिनिटाला बाईंनी मशीन बंद केलं. "झालं. छान आलं सगळं. उठा."

आबा उठले नाहीत. त्यांनी नुसते डोळे खाली वळवून दाखवले. ठमी झोपली होती. औषधाच्या बाटलीला कुणी हातही न लावता, मास्कखाली हलकं घोरत, गाढ. मूठ अजून मिशीतच होती.

बाईंनी घड्याळ पाहिलं. बाहेर सात जण ताटकळले होते. त्यांनी पायाने ढकलत एक स्टूल आणलं, ते आबांच्या मागे सरकवलं आणि खांदा दाबून त्यांना हळूच खाली बसवलं. मग त्या दाराशी गेल्या आणि दार बोटभर उघडलं.

"आमचा नंबर ना?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"बसा अजून दहा मिनिटं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत तपासणी चालू आहे."