जुन्या मापाचं चाक

चाक मिळत नाही असं दुकानदाराने सांगायचं, हे सकाळीच फोनवर ठरलं होतं. मुलीने ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं होतं. आता ती वडिलांच्या मागे दुकानात उभी होती आणि दुकानदार तिच्याकडे बघायचं टाळत होता.

वडिलांनी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली. बारीक नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची जुनी रेसिंग सायकल. गेल्या आठवड्यात उतारावर आडवा आलेला दगड त्यांना दिसलाच नव्हता. डाव्या डोळ्याला आता फार कमी दिसतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सोडून. कपाळावरची खपली अजून ओली होती. मागचं चाक आठच्या आकड्यासारखं वळलं होतं आणि फिरवलं की ब्रेकला घासून अडत होतं.

“हे तर गेलंच,” वडील म्हणाले. नव्या खरेदीचा उत्साह त्यांच्या आवाजात मावत नव्हता. “नुसती रिम नको, सबंध चाकच घेऊ. आणि टायर जरा रुंद टाकू. पूर्वी बारीक टायरची मिजास होती, आता एकेक खड्डा मनगटाला कळतो.”

“काका, हे माप आता येत नाही.”

“माहीत आहे की! म्हणून तर हल्लीचं माप बघू. ते किंचित लहान असतं. ब्रेकचे रबर थोडे खाली घेतले की काम झालं.”

दुकानदाराने मान खाजवली. काका एवढी तयारी करून येतील असं फोनवर कुणी बोललं नव्हतं. “हल्लीच्या चाकांचा मधला हब रुंद असतो. फ्रेमच्या मागच्या चिमट्यात बसायचा नाही.”

“मग चिमटा जरा फाकव. लोखंड आहे रे ते. नीट समजावलं की ऐकतं.”

“जुनं झालंय, काका. फाकवायला गेलो तर सांधा तडकेल.”

एक थाप पचवायला दुसरी मारावी लागत होती. दुकानदाराच्या डोक्यावर आकड्यांना चाकं टांगलेली होती. त्यातलं एखादं नेमकं या सायकलचं असेल, असं मुलीच्या मनात आलं. आपल्याला मापातलं काही कळत नाही याचं तिला बरं वाटलं.

वडिलांनी वाकून सांध्यावरून अंगठा फिरवला. “तडकेल म्हणतोस?”

“हो.”

“तू म्हणतोस म्हणजे तडकेलच.”

ते बाजूच्या स्टुलावर बसले. मघाचा उत्साह असा उतरला की ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मुलीला राहवेना.

“बाबा, आपण संध्याकाळी चालायला जात जाऊ. मी येईन तुमच्याबरोबर.”

सकाळपासून ती जे काही बोलली होती त्यातलं हे एवढंच खरं होतं. पण तोंडातून निघताना तेही खोट्यासारखं निघालं.

“अगं, तू कशाला तोंड पाडतेस?” वडील हसले. “उलट तुझंच मला कौतुक वाटतं. डॉक्टर म्हणाला, आता सायकल बास. शेजारचे म्हणाले. तुझ्या आत्याने तर फोनवर रडून घेतलं. तू मात्र एकदाही नको म्हणाली नाहीस.”

मुलगी वाकड्या चाकाच्या तारांकडे बघत राहिली.

“आणि खरं सांगू? तू म्हणाली असतीस ना, तर मी त्याच दिवशी ठेवून दिली असती.”

दुकानदार हातातला पाना फडक्याने पुसत राहिला. पाना स्वच्छच होता.

वडिलांनी पुढच्या चाकाला टिचकी मारली. ते सरळ, बिनआवाज फिरत राहिलं. “हे ठणठणीत आहे. टायरही नवा आहे. काढून घे तू. कुणीतरी माझ्यासारखाच जुन्या मापासाठी वणवण करत तुझ्याकडे येईल. त्याला दे. त्याला तरी हात हलवत परत पाठवू नकोस.”

आता दुकानदाराने मुलीकडे सरळ पाहिलं. अजून वेळ होता. तिने मान हलवली असती तरी पुरे होतं. तिला गेल्या आठवड्यात ऑफिसात आलेला तो फोन आठवला, अनोळखी माणसाने विचारलेलं, ‘तुम्ही यांच्या कोण?’ तिने वडिलांच्या कपाळाकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

दुकानदाराने पाना लावला. नट घट्ट होता. तो सुटला तेव्हा वडील म्हणाले, “हळू रे.”

सायकल दुकानातच राहिली. घरी जाताना ते रस्त्याच्या कडेने चालत होते. त्यांचा उजवा हात कमरेपासून थोडा लांब, अधांतरी होता, पंजा खाली वळलेला, जणू सीटला धरून सायकल सोबत चालली आहे. त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं. मुलगी त्याच बाजूने चालत होती. एकदा तिचा दंड त्या हाताला लागला, तेव्हा ती बाजूला झाली आणि मधे सायकलपुरती जागा सोडून चालू लागली.