नाव कापायचं नाही

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा व्यायामशाळेच्या सचिव विजयाबाईंनी निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकली आणि स्कूटी काढली. महिन्यातली ही तिसरी वेळ. ब्राह्मणपारा वस्तीतल्या गल्ल्यांतून, मंदिरापुढची गर्दी चुकवत त्या निघाल्या.

श्रावणी ठाण्यातल्या बाकावर बसली होती. सतरा वर्षांची, वेटलिफ्टिंगमध्ये राज्यात पहिली आलेली पोर. भरदुपारी तिनं एका मोबाइलच्या दुकानाची काच फोडली होती. हवालदाराला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटत होतं. काच फोडून ही पळाली नाही. पायरीवर बसून राहिली आणि विचारील त्याला व्यायामशाळेचं नाव सांगत राहिली. आधी बसच्या वाहकाला थोबाडीत मारली, मग बागेच्या रखवालदाराची सायकल तलावात ढकलली, तेव्हाही तिनं हेच केलं होतं.

दुकानदार भला निघाला. पोरीचं वय पाहून त्यानं तक्रार मागे घेतली.

परतताना श्रावणी मागे चिकटून बसली. तिचं काळीज एवढं धडधडत होतं, की विजयाबाईंना ते पाठीला जाणवत होतं. केवढी घाबरलीय पोर, असं त्यांना वाटलं.

"मौसी, अब तो नाम काट देंगे ना?" तिनं विचारलं. आवाज घोगरा होता. तिची सर्दी काही केल्या हटत नव्हती.

"मी आहे नं. कोनी नाव कापत नाही तुहं," विजयाबाई म्हणाल्या.

त्यांना गोदू आठवत होती.

पाच वर्षांपूर्वी गोदूही याच व्यायामशाळेत वजनं उचलायची. गुणी पोर, पण एकाएकी तापट झाली. एका शिक्षिकेवर हात उगारला म्हणून पटावरून तिचं नाव कापलं. त्या कागदावर सचिव म्हणून सही विजयाबाईंची होती. पंधराव्या दिवशी गोदू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळली, ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. पाऱ्यातल्या लोकांना लिहून वगैरे द्यायचं नव्हतं. पोरीनं अपमानाचा धसका घेतला, असं त्यांनी सांगितलं, आणि विजयाबाईंनी तेच खरं धरलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना जेवण गेलं नाही. पुढे त्यांनी भांडून नियम करून घेतला. पोरांनी बाहेर कितीही उपद्व्याप केले तरी त्यांचं नाव कापायचं नाही, उलट त्यांना आणखी जवळ घ्यायचं.

श्रावणीला आपल्या घरी बसवून त्या व्यायामशाळेत गेल्या. पाच वाजता बैठक बसली. अध्यक्ष यशवंतराव आधीच तापलेले होते.

"नियम गेला चुलीत," ते म्हणाले. "उद्या कोनाचं डोस्कं फोडलं तिनं, मंग काय करता?"

विजयाबाईंनी अक्षरशः हात जोडले. प्रशिक्षक भार्गव सर एरवी बैठकीत फारसे बोलत नसत. आज तेही उठले आणि पोरीची सगळी जबाबदारी आपण घेतो म्हणाले. विजयाबाईंना गहिवरून आलं. गोदूला साऱ्यांनी टाकलं तेव्हा या एकट्या माणसानं टाकलं नव्हतं, सर रोज संध्याकाळी तिच्या घरी जात होते, असं त्यांनी भर बैठकीत सुनावलं.

शेवटी ठरलं. राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत श्रावणी विजयाबाईंच्या घरी राहील आणि सर रोज तिथं येऊन तिच्याकडे लक्ष देतील. तिचे वडील सिलतऱ्याच्या कारखान्यात पाळीवर होते. त्यांनी फोनवरूनच होकार दिला आणि चारदा आभार मानले.

विजयाबाई घाईघाईनं घरी आल्या. ही बातमी ऐकून पोर गळ्यात पडेल असं त्यांना वाटलं होतं. श्रावणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काट दो ना, मौसी," ती म्हणाली. "मेरा नाम काट दो. और क्या तोड़ूँ मैं?"

विजयाबाईंच्या अंगावर काटा आला. मार खाल्लेलं पोर स्वतःलाच शिक्षा मागतं, हे त्यांनी पाहिलं होतं. ही आता जिवाचं काहीतरी करून घेईल, या भीतीनं त्यांचं डोकं चालेना. मोरीतली फिनाइलची बाटली त्यांनी उचलून कपाटात कोंडली. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. पुढच्या दारालाही आतून कुलूप लावलं. श्रावणी ते सगळं नुसती बघत राहिली.

सात वाजता घंटी वाजली. सर होते. विजयाबाईंना हायसं वाटलं. त्यांना आत घेऊन त्यांनी पुन्हा कुलूप लावलं.

सरांनी पाणी घेतलं, श्रावणीला मायेनं जवळ बसवलं आणि पिशवीतून एक छोटी कुपी आणि सुई काढली.

"हे काय, सर?"

"ताकदीचं आहे, ताई. दोन वर्षांपासून देऊन राहिलो. आजकाल व्यायामशाळेत टाळते, घरी बरं पडते. जरा दंड धरा तिचा, हालते लई."

विजयाबाईंनी दंड धरला.

"डॉक्टरनं लिहून देलं नं पन?"

"डॉक्टरले काय समजते यातलं?" सर सुई उजेडात धरून म्हणाले. "तुम्ही भेऊ नका, ताई. मी कोन्या पोरीले मधात सोडत नाही. गोदूचं तुम्ही नाव कापलं, तरी मी एक दिवस चुकवला नाही. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीबी टोचून आलो होतो."