सरावाची बोटं

माझी नात नर्सिंग शिकते. डावा हात जन्मापासून लुळा, म्हणून एकट्या उजव्याने सगळं रेटते. उद्या परीक्षेत बोट टोचून साखर तपासून दाखवायची होती, म्हणून सरावाला घरातल्या सगळ्यांनी बोटं पुढे केली.

मुलगा म्हणाला, “कळलंसुद्धा नाही गं!”

सून म्हणाली, “हात किती हलका!”

माझी पाळी आली तशी मी बोंबललेच, “अगं मेले, मधोमध काय खुपसतेस? कडेला टोच!”

मुलगा डाफरला, “आई, तिच्या हाताकडे तरी बघ!”

“दुखलंय माझं बोट, तिच्या हाताकडे कशाला बघू?”

नातीने सुई बदलली आणि माझं दुसरं बोट कडेला टोचलं. “आता?”

“आता बरं.”

मग ती बापाकडे वळली. “बाबा, बोट द्या. आणि या खेपेला खरं सांगा.”