एस्तेरचा प्रश्न

बाळाजीने बुलडोझर थांबवला आणि खाली उडी मारली. पात्याखाली मातीचं मडकं फुटलं होतं. आत हाडं होती, काड्यांसारखी बारीक.

"साहेबानू, ह्या बघा. पोर आसा."

सुपरवायझर शांतवन साळवे जवळ आला. बहारीनच्या या माळावर हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे उंचवटे होते. संशोधकांचं पाहून झालं की ते सपाट करायचे. तिथे वसाहत उठणार होती.

"परवानगी आहे. यल्ला, चालू कर."

बाळाजी हलला नाही. "दुपारच्या सुट्टीत तुमी सांगतास मा, देव उगाच काय करणा नाय. मगे ह्येका कित्याक नेल्यान?"

उत्तर शांतवनच्या ओठांवर होतं. नगरच्या मिशनमध्ये शिकलेलं. सोळाशे वर्षांपूर्वी एक महानगर लुटलं गेलं, तेव्हा आफ्रिकेतल्या एका बिशपाने हादरलेल्या लोकांना धीर दिला होता. राज्यं बुडोत, इतिहास देवाच्या हातात आहे आणि त्याने ठरवलेल्या शेवटाकडेच चालला आहे. देवाचा हेतू माणसाला बहुतेक वेळा कळत नाही, असंही तो म्हणाला होता. शांतवन तेवढं गाळायचा.

हेच उत्तर त्याने बायकोलाही दिलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा योहान, नुकता रांगायला लागलेला, तापाने गेला. दफन करून परतल्यावर एस्तेरने एवढंच विचारलं, "का हो?" शांतवन कितीतरी वेळ बोलत राहिला. तिने ऐकून घेतलं आणि उठून कुकर लावला. तेव्हापासून उम्म अल हस्सम भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये योहानचं नाव निघालं नव्हतं. पण रोज पहाटे शांतवनला पाळण्याची कुरकुर ऐकू यायची. पाळणा तर त्याने केव्हाच देऊन टाकला होता.

तो वाकला. कुणीतरी त्या लेकराला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं होतं. योहान असाच झोपायचा.

"आजचं काम खलास," तो कसाबसा म्हणाला.

घरी एस्तेर तांदूळ निवडत बसली होती. तो बूट न काढताच तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"तू विचारलं होतंस, का म्हणून. मला माहीत नाही गं, एस्तेर. खरंच माहीत नाही."

तिचा हात ताटात तसाच थांबला. मग, योहान गेल्यापासून पहिल्यांदाच, ती रडली.