पहिली पाळी

गिरणी जोरात होती तेव्हा गावात खोली मिळत नसे. ती बंद पडली आणि खोल्यांना माणसं मिळेनाशी झाली. विणकर आणि त्याची बायको तेवढे हट्टानं राहिले. एकवीस वर्षांनी गिरणी पुन्हा सुरू झाली आणि दोघांनाही काम मिळालं.

पहिली पाळी दुपारी सुटली. केसांतला कापूस झटकून ती फाटकाशी आली, तर फाटक बंद.

"अहो दादा, उघडा की! मी आत राहिलेय."

पहारेकऱ्यानं मानही वर केली नाही.

गजांतून तिला रस्त्यावर नवरा दिसला. शेजारी तिच्याच कपड्यांतली, तिच्यासारखीच किंचित लंगडणारी बाई.

"अहो!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

नवरा थबकला. "कोणी हाक मारली का गं?"

बाईनं वळून थेट तिच्याकडे पाहिलं.

"छे हो, कोणी नाही. चला घरी."